सावरंग्याची वेस

नागनाथअप्पाच्या दुकानात तांब्या लगेच मिळतो, पण तांब्यावर नाव लगेच मिळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "अप्पा, ह्यावर नाव टाकून द्या." अप्पा नाव टाकायची मशीन हातात घेतो, तिच्या सुईवर फुंकर मारतो आणि विचारतो, "आडनाव?"

"मुरुडकर."

झालं. मशीन खाली, चष्मा वर.

"मुरुडला गेला व्हता का कधी?"

"न्हाई जी. आमचं सगळं लातुरातच."

"आजोबा?"

"ते बी लातुरातच."

"मग मुरुडकर कशापाई म्हणवून घ्यायलाव? ते गाव तितं तुमची वाट बघत बसलंय, आन् तुमी हितं तांब्या घ्यायलाव!"

"अप्पा, लग्नाला जायचंय, गाडी निघंल माझी."

"मुरुडची बी गाडी हाय. जाऊन या. मग टाकतो नाव."

आता अशानं धंदा होतो का? पण अप्पाचा झाला. एक तर भांडं खरं देतो, वजनात मारत नाही. आणि दुसरं म्हणजे शिव्या देत गेलेलं माणूस वर्षा-दोन वर्षांनी परत येतं आणि सांगतं, "अप्पा, जाऊन आलो बरं का. मारुतीच्या देवळामागं आमची पडकी भिंत निघाली." मग अप्पा असा खूश होतो की जणू ती भिंत ह्यानंच बांधली होती.

मी महेबूब पिंजारी. अप्पाच्या दुकानासमोर माझं गाद्यांचं दुकान, मधे रस्ता. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून फुटणाऱ्या एका गल्लीत आम्ही दोघं म्हातारे झालो. दोघांचंही पोट लग्नसराईवर. लोकं आधी अप्पाकडं भांडी घेतात, मग माझ्याकडं गादी. मी अक्षराला अक्षर जोडण्यापुरतं शिकलो आणि शाळा सोडून कापसाचं पिंजण धरलं. पण माझ्या हातच्या गादीत गोळा झालेला कुणी दाखवावा, मी दुकानाला कुलूप लावतो. हे लिहिलेलं मी कुणाला दुरुस्त करायला दिलेलं नाही. गादी माझी मी शिवतो, तसं हे.

अप्पानं आडनावांच्या जाती पाडलेल्या आहेत. मुरुडकर, उदगीरकर, देगलूरकर हे अव्वल दर्जाचे. पाटील, देशमुख, बिराजदार हे हुद्देवाले. "खुर्ची हाय, खाली जमीन न्हाई," असं अप्पा म्हणतो. काळे-गोरे ते रंगवाले. आणि मी पिंजारी, म्हणून धंदेवाला.

"तुझ्या नावात गाव कुटंय रे महेबूब?"

"माझं गाव माझ्या बुडाखाली हाय."

"बुडाखाली कापूस हाय तुझ्या."

"मग कापूसकर म्हण."

हे भांडण रोजचं. त्यात कुणी जिंकत नाही, पण एक दिवस चुकलं तर दोघांनाही जेवण जात नाही.

एकदा अप्पाच्या छातीत धडधड व्हायला लागली म्हणून मीच त्याला दवाखान्यात नेला. डॉक्टर तरुण होता. त्यानं नळी छातीला लावली आणि म्हणला, "मोठा श्वास घ्या." अप्पानं मोठा श्वास घेतला आणि सोडता सोडता विचारलं, "आडनाव?" डॉक्टर म्हणला, देगलूरकर. पुढचं मी सांगायला नको. धडधड तपासायची राहिली बाजूला आणि डॉक्टरच घामाघूम झाला. पुढच्या खेपेला गेलो तर डॉक्टरनं आधी मोबाईल काढला आणि देगलूरच्या बसस्टँडसमोर उभा राहून काढलेला फोटो अप्पाला दाखवला. नाडी नंतर बघितली.

आता अप्पाचं स्वतःचं आडनाव. सावरंगेकर. गाव सावरंगा. नांदेडच्या पलीकडं, किनवटच्या अंगाला, इस्लापूरजवळ. आमच्या गल्लीतल्या लहान लेकरालाही सावरंगा पाठ आहे. सावरंग्याला वेस आहे. वेशीतून अंबारीसकट हत्ती जातो. आत बारव आहे, बारवेच्या पायऱ्या मोजायला गेलेला माणूस चुकतो. पाटलाची गढी आहे. आणि रातच्याला सहस्रकुंडाच्या धबधब्याचा आवाज पार घरात येतो.

माझ्या एक गोष्ट ध्यानात आली होती. हे गाव दरसाल वाढत होतं. आम्ही तरुण होतो तेव्हा वेशीतून बैलगाडी जायची. हत्ती पुढं आला. गढी तर आत्ता आत्ता बांधली. पण मी कशाला बोलू? कापूस पिंजला की फुगतोच.

अप्पाला एकच लेक, उमा. लग्नाला बऱ्याच वर्षांनी झालेली. अप्पाची बायको गेली तेव्हा उमा शाळेत होती. तेव्हापासून बापलेक दोघंच. पोरगी गुणाची, हिशेबाला पक्की, दुकानाची अर्धी बाजू तीच सांभाळायची. मला चाचा म्हणते. तिला स्थळं चांगली आली, पण ती सगळी अप्पानं मोडली. म्हणजे मोडायची म्हणून नाही. पोरगा बघायला यायचा, पोहे खायचा, आणि अप्पा विचारायचा, "गेला व्हता का कधी?" एकजण म्हणाला, "माझा काय संबंध त्या गावाशी?" अप्पानं त्याच्या हातातली पोह्याची बशी काढून घेतली. अर्धे पोहे तसेच. म्हणला, "ज्याला आपलं गाव सांभाळता येईना, तो माझी पोरगी काय सांभाळंल?"

उमा तिशीला आली. मग औशाचं स्थळ आलं. बिराजदार. पोराचं औशात टायरचं दुकान. पोरगा उमानंच आधी कुठल्या तरी लग्नात बघितलेला, हे मला ठाऊक होतं, अप्पाला नव्हतं. बैठकीच्या आदल्या दिवशी उमा माझ्या दुकानात आली, कापसाच्या गठ्ठ्यावर बसली आणि म्हणली, "चाचा, उद्या तुम्ही अप्पांजवळ बसा. त्यांनी आडनावाचं काढलं की मांडीला चिमटा घ्या. आता हे मोडलं तर मी काय पुन्यांदा पोहे करणार न्हाई."

म्हणून मी त्या बैठकीला मांडीला मांडी लावून बसलो. चिमटा तयार. अप्पानं खरंच एक शब्द विचारला नाही. माझी बोटं दुखायला लागली, पण तो गप्प. पोराचे आजोबा आले होते. उंच, सुकलेले, डोक्यावर काळी टोपी. शब्द काढायचा म्हणजे दात उपटल्यासारखं त्यांचं बोलणं. तेच म्हणाले, "आमचं मूळगाव औसाच. किल्ल्याच्या सावलीत. तुमचं?"

आता ह्याला मी चिमटा कसा घ्यावा? अप्पा सुटला. वेस झाली, हत्ती झाला, बारव झाली, गढी झाली. उमा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं.

बिराजदार आजोबा सगळं ऐकून म्हणाले, "बरं झालं. आमच्या घरात एक रीत हाय. दोनी मूळगावची माती आणायची, कालवायची आन् बोहलं त्याच मातीनं सारवायचं. आणायला दोनीकडचं जुनं माणूस जातंय. एकट्यानं आणलेली चालत न्हाई."

"आणू की," अप्पा म्हणला.

"आमच्या घरचं जुनं माणूस म्हंजी मीच. औशाचा किल्ला बघून बघून कटाळा आलाय. तुमची वेस बघू."

अप्पानं डोक्यावरची टोपी काढली आणि उलटी घातली. ते मी आणि उमानं, दोघांनीच बघितलं.

त्या दिवसापासून अप्पा बिघडला. दुसऱ्या दिवशी एक उदगीरकर तांब्या घेऊन गेला. अप्पानं मान खाली घालून नाव टाकलं आणि तांब्या हातात दिला. एक शब्द नाही! मी रस्त्याच्या ह्या बाजूनं बघत होतो. माझ्या हातातली सुई गादीत तशीच राहिली. त्याच्यामागं एक परभणीकर बाई आली, तिलाही तसंच सोडलं.  म्हणलं, या अल्ला, माणूस चाललं हातचं. रस्ता ओलांडून गेलो.

"अप्पा, छातीत दुखायलंय का?"

"न्हाई."

"मग उदगीरकराला सोडलास कसा?"

तो एक घागर पुसत होता. आधीच चकचकीत असलेली घागर. पुसता पुसता म्हणला, "महेबूब, मी कधी गेलो न्हाई."

"कुटं?"

"सावरंग्याला."

मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. सगळ्या लातूरला एसटीत बसवून गावोगाव धाडणारा माणूस! पण घागरीवर त्याचं फडकं एकाच जागी फिरत होतं. ते बघून हसू गिळलं.

अप्पाचा बाप पोरवयात तिथून निघालेला. पटकीची साथ आली, घरंच्या घरं रिकामी झाली, उरलेली माणसं वाट फुटंल तिकडं गेली. अप्पाचा बाप फिरत फिरत लातुरात आला. अप्पा लहान असतानाच तोही गेला. जाताना पोराच्या हातात काय दिलं, तर एक आडनाव.

"कामून गेला न्हाईस रे मग? इस्लापूर काय विलायतेत हाय?"

"गेलो आन् तितं काईच नसलं तर?" अप्पा म्हणला. "जवर गेलो न्हाई, तवर हाय की ते."

   मी घागर त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणलं, "औशाला जाऊन सांगून टाक."

"काय सांगू? हत्ती खोटा हाय म्हणून सांगू? पोरीचा बाप थापाड्या निघाला म्हणून उठून जातील. उमा पुन्यांदा पोहे करणार न्हाई म्हणलीया, ठाऊक हाय ना तुला?"

त्यालाही ठाऊक होतं तर.

ऊन तापायच्या दिवसांत आम्ही निघालो. जीप बिराजदारांनी केलेली. पुढं ड्रायव्हरजवळ बिराजदार, मागं अप्पा आणि मी. मी कशाला? अप्पा म्हणला, "तू आला न्हाईस तर मी जीपमधून उडी टाकीन." लग्नाच्या गाद्या अर्ध्या शिवून राहिलेल्या, तरी गेलो.   

नांदेड आलं. अप्पा म्हणला, "मालक, गुरुद्वाऱ्यात मत्था टेकून जाऊ. लंगरात जेवू."

"येताना," बिराजदार म्हणाले.

भोकर आलं. "मालक, हितला चहा चांगला असतोय म्हणतेत."

"येताना."

हिमायतनगर गेलं. आता अप्पाला रडू यायचं तेवढं राहिलं होतं. "मालक, आता एवढं आलोच हाव तर माहूरला जाऊन येऊ. रेणुकामातेचं दर्शन घेऊ. शुभकार्य हाय. एक दिवसानं काय बिघडतंय?"

"येताना."

बिराजदारांच्या येण्यात एवढं सगळं साठलं होतं की लग्नाचा मुहूर्त टळला असता. मी अप्पाच्या कानात म्हणलं, "आता तरी सांग." तो म्हणला, "गाव आलं की सांगतो." मी म्हणलं, "अरे, तुझं हत्तीवालं गाव यायचंच न्हाई, तेच तर सांगायचंय!" बिराजदारांनी मान वळवून मागं बघितलं. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे खिडकीबाहेर बघायला लागलो.

इस्लापूरला ड्रायव्हरनं एका चहाच्या टपरीजवळ गाडी थांबवली. बिराजदार तोंड धुवायला नळावर गेले. टपरीवाल्याला मीच विचारलं, "सावरंगा कोणीकडं राहिलं?"

"सावरंगा? हाय ना. नाल्याच्या पल्याड," तो म्हणला. "पण तिकडं कशाला जाऊन राहिले तुम्ही? बेचिराख हाय ते."

बेचिराख म्हणजे काय ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. निजामाच्या काळापासूनचा शब्द. सरकारदरबारी गावाचं नाव असतं, शिवाराची हद्द असते, पण आत एकही घर नसतं. दिवा लावायला माणूस नाही, असं गाव. अप्पानं माझं मनगट धरलं.  बिराजदार तोंड पुसत आले. "सापडलं का?"

"सापडलं," मी म्हणलं. दुसरं काय म्हणणार?

नाला ओलांडून जीप मातीच्या वाटेला लागली. थोडं गेल्यावर वाटही संपली. ड्रायव्हर म्हणला, "हेच ते." आम्ही उतरलो.

समोर मोकळं शिवार. नांगरून टाकलेली काळी रानं, मधे एक उंचवटा, उंचवट्यावर गवत. एका दगडाला शेंदूर फासलेला. आणि सभोवार उंच उंच झाडं, अंगभर काटे, पान नावाला नाही. त्यांची बोंडं उकलली होती. आतला पांढरा कापूस वाऱ्यावर तरंगत होता. एवढा, की डोळ्यापुढं हात धरावा लागत होता. बिराजदारांच्या काळ्या टोपीवर येऊन बसला, अप्पाच्या मिशीत अडकला. सावरीचा कापूस. उशीत भरायला ह्याच्यासारखा दुसरा नाही, पण हल्ली बघायला मिळत नाही. मी धंदेवाला माणूस, एवढ्या धाकधुकीतही माझी नजर आधी तिकडंच गेली.

बिराजदारांनी कपाळावर हात धरून एकीकडं बघितलं, मग दुसरीकडं. मग सगळीकडं.

"गाव कुटंय?"

अप्पानं उंचवट्याकडं बघितलं.

"वेस?"

ड्रायव्हरनं गाडीतलं गाणं बंद केलं. त्यानं ते केलं नसतं तर बरं झालं असतं.  मला वाटलं आपणच काही तरी सांगावं, भूकंप झाला म्हणावं, पूर आला म्हणावं. 

तेवढ्यात अप्पानंच टोपी काढून हातात घेतली. "मालक, वेस न्हाई. बारव न्हाई. गढी न्हाई. मी हितं आज पैल्यांदाच आलोय. माझ्या बापानं मला दोनच गोष्टी सांगितल्या व्हत्या. सावरीची झाडं आन् रातच्याला धबधब्याचा आवाज. बाकीचं गाव मीच बांधलं, दुकानात बसून. लोकाला सांगता सांगता मलाबी खरं वाटाय लागलं." तो थांबला. "ह्यात पोरीचा काय गुन्हा न्हाई. तुमाला जे बोलायचं ते मला बोला. हितंच बोला. औशात नगा बोलू."

बिराजदार टोपीवरचा कापूस हातानं वेचत उभे राहिले. एक वेचला, दोन नवीन बसले. मला उमाचं तोंड दिसायला लागलं. आता घरी जाऊन त्या पोरीला काय सांगायचं?

एवढ्यात झाडाआडून शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागं एक म्हातारी बाई, खांद्यावर काठी. आम्हाला बघून थबकली.

"कोण हाव तुम्ही? जमीन मोजणीवाले का?"

"न्हाई, बाई," अप्पा म्हणला.

"मंग कोण? नाव काय तुमचं?"

"नागनाथ."

"आडनाव?"

मी अप्पाकडं बघितलं. जन्मभर जो प्रश्न त्यानं लोकांना टाकला, तो ह्या बाईनं शेळ्या हाकता हाकता त्याला टाकला होता. अप्पानं हातातली टोपी डोक्यावर घातली.

"सावरंगेकर."

बाई पदर तोंडाला लावून हसली. "मंग इथलेच ना तुम्ही! इथलं माणूस अन् उनात उभं? या ना, सावलीत या."

अप्पा सावलीत गेला नाही. होता तिथंच मातीत खाली बसला. मी धावलो, वाटलं छातीत कळ आली. तो म्हणला, "काय झालं न्हाई, महेबूब. बसू दे." मग त्यानं बाईला विचारलं, लहान पोरानं विचारावं तसं, "बाई, धबधब्याचा आवाज येतोय का हो हितं?"

"आता कुठून येईन? पानी कुठं हाय आता? पावसाळ्यात या. रातभर गाजते."

तेवढ्यावर अप्पाचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं.

बिराजदार चार पावलं पुढं आले. आता वीज पडणार म्हणून मी मधे उभा राहिलो. ते मला बाजूला सारून अप्पासमोर उकिडवे बसले. "माती हाय का न्हाई हितं?"

"हाय की, मालक."

"मग झालं. मी माती न्यायला आलतो. वेस न्यायला न्हाई." त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून जमिनीवर पसरलं. दोघांनी शेंदराच्या दगडासमोरची माती ओंजळी-ओंजळीनं त्यात टाकली. गाठ मारता मारता बिराजदार म्हणाले, "हत्तीचं मातर लग्नात कुणापुढं काढू नका. आमची पोरं वरातीला मागतेत."

अप्पा हसला आणि रडला, दोन्ही एकदम. मी मात्र वेळ घालवला नाही. माझा मोठा रुमाल सोडला आणि झाडांखालचा सावरीचा कापूस भरायला लागलो. बाई म्हणली, "हे काय करून राहिले बाबा तुम्ही?" मी म्हणलं, "उशी."

परत येताना बिराजदारांनी एकेक शब्द पाळला. भोकरला चहा पाजला. नांदेडला गुरुद्वाऱ्यात नेलं. माहूर तेवढं राहिलं. लंगराच्या पंगतीत अप्पा आणि मी शेजारी बसलो. तिथं कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. मांडी घालून बसलं की पुढ्यात रोटी येते. अप्पानं रोटीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून बसला.

"महेबूब, तुला वाटत असंल मी लोकाला खामखा सतावतो."

"वाटतंय काय, सतावतोसच."

"एक तरी भेटंल म्हणून विचारत व्हतो रे. तितनं उठलेली माणसं कुटं तरी असतीलच की. कुणी तरी दुकानात येईल, आडनाव विचारलं की सावरंगेकर म्हणंल." त्यानं तुकडा ताटात ठेवला. "एक बी आला न्हाई. आता उमा बिराजदार व्हईल. मग मी एकलाच."

मी त्याच्या ताटात माझ्या वाटणीचा हलवा टाकला. दुसरं काय करणार? मला बोलून समजूत घालता येत नाही. त्यानं खाल्ला.

लग्न चांगलं झालं. बोहलं दोन्ही मातींनी सारवलेलं होतं, अर्धं औशाचं, अर्धं सावरंग्याचं. पण बघणाऱ्याला ते काही वेगळं दिसलं नाही, काळं ते काळंच. उमानं हट्टानं आंदणाच्या प्रत्येक भांड्यावर सावरंगेकर टाकून घेतलं. चमच्यावरसुद्धा. निघताना भांडी टेम्पोत गेली, माझ्या गाद्या टेम्पोत गेल्या. सावरीची उशी मात्र तिनं कुणाच्या हातात दिली नाही, काखेत धरून गाडीत बसली. अप्पा गाडीच्या खिडकीला धरून चार पावलं चालला. मग गाडी पुढं गेली.

आणि अप्पा गप्प झाला.

लोक म्हणले, पोरगी गेली, होतंच असं. होत असेल. पण आठवडे गेले तरी अप्पा कुणाला काही विचारीना. गिऱ्हाईक यायचं, नाव सांगायचं, मशीन घर्र करायची, तांब्या हातात. गिऱ्हाईकं खूश! म्हणायची, "आता अप्पाकडं काम लवकर होतंय." मला ते ऐकवत नव्हतं. रोजचं भांडणही बंद. मी मुद्दाम म्हणलं, "माझं गाव माझ्या बुडाखाली हाय," तर तो म्हणला, "आसंल." आसंल! असं कुणी भांडतं का? संध्याकाळी उमाचा फोन आला की तेवढं हूं हूं करायचा. दुकान बंद करताना दाराचं एक फळकूट लावायचा, दुसरं लावायला विसरायचा. रोज सकाळी समोरचं दुकान उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

मग एक दिवस माझ्याकडं गादी घ्यायला एक पाव्हना आला. मी गादीवाला. मी जन्मात कुणाला आडनाव विचारलेलं नाही. गादीला काय, कोण झोपतंय त्याच्याशी मतलब नसतो. पण मी खोळ खाली ठेवली आणि घसा साफ केला.

"पाव्हनं, आडनाव काय तुमचं?"

तो चपापला. "कामून? गादीवर नाव टाकता का काय?"

"न्हाई. सहज."

"बिलोलीकर."

"काय म्हणलाव?" मी रस्त्याकडं तोंड करून ओरडलो. "बि-लो-ली-कर?"

समोरची मशीन घर्र घर्र करत होती, ती थांबली. चष्मा वर गेला. मी मान खाली घालून खोळीचे टाके मोजायला लागलो. मला काय करायचंय?

"ओ पाव्हनं!" रस्त्यापलीकडून हाक आली. "बिलोलीला गेला व्हता का कधी?"

"न्हाई जी."

आता तोफ सुटणार म्हणून मी वाट बघत बसलो. गाव तितं वाट बघायलंय, तुमी हितं गादी घ्यायलाव, असं सगळं. पण ते आलं नाही. अप्पा दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला, हातात कुणाचा तरी अर्ध्या नावाचा तांब्या.

"जाऊन या," तो म्हणला. "काई नसलं तरी जाऊन या."